पाठविणाऱ्याचा वाटा

एक मनुष्य घोड्यावर बसून परमुलुखांत जातो व तेथें बरें किंवा वाईट करितो. दुसरा मनुष्य आपल्या शेतावरच राहतो. परंतु तो घोडा त्याचा, खोगीर त्याचें आणि स्वाराच्या पोटाची भाकरही त्याचीच. मग त्या दूरच्या मुलुखांत जें कांहीं घडलें, त्यांत या घरीं राहिलेल्याचा वाटा आहे कीं नाहीं? आणि असल्यास किती?

हा प्रश्न केवळ पंडितांनीं वाद करावा असा नाहीं. आपल्यांपैकीं फारच थोडे लोक मोठीं कृत्यें स्वतःच्या हातानें करितात. बहुतेक जण कोणास तरी पाठवितात, कोणाची तरी पाठ राखतात, कोणास तरी खर्चास देतात, आणि मग म्हणतात, "आम्हीं काय केलें? करणारा तो." हें बोलणें देवापुढें कितपत टिकेल, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों. त्यासाठीं फिनलंड देशांतील घोडेस्वारांचा इतिहास आम्हीं निवडला आहे. कारण तेथें पाठविणारा हा जमीन कसणारा साधा ख्रिस्ती शेतकरी होता, आणि त्याचा वाटा सरकारी दप्तरांत लिहून ठेविलेला होता.

फिनलंड हा युरोप खंडाच्या उत्तरेस, स्वीडन व रशिया यांच्या मध्यें असलेला, अरण्यांनीं व सरोवरांनीं भरलेला देश आहे. हिवाळा लांब, पीक थोडें, आणि अवेळीं थंडी पडली तर तेंही हातचें जावयाचें. मध्ययुगापासून १८०९ सालापर्यंत या देशावर स्वीडनच्या राजांचा अंमल होता. बहुतेक प्रजेची भाषा फिनी, आणि राजाच्या कचेरीची भाषा स्वीडिश. सोळाव्या शतकांत मार्टिन ल्यूथर यांच्या धर्मसुधारणेची शिकवण तेथें पोहोंचली. मीकाएल आग्रिकोला या विद्वान धर्मसेवकानें १५४८ सालीं नवा करार फिनी भाषेंत छापून प्रसिद्ध केला, आणि १६४२ सालीं संपूर्ण पवित्र शास्त्र त्या भाषेंत निघालें. तेव्हां वाचकहो, ज्यांच्याविषयीं आम्ही लिहीत आहों ते आपल्यासारखेच रविवारीं देवळांत बसणारे व देवाचें वचन ऐकणारे लोक होते, हें आरंभींच ध्यानांत ठेवावें.

स्वीडनच्या राज्यांत घोडेस्वारीचा आणि कराचा संबंध फार जुना. सुमारें १२८० सालीं राजा मॅग्नस यानें असा ठराव केला कीं, जो कोणी घोडा व हत्यारें यांसह राजाची चाकरी करील, त्याला कर माफ. यांतूनच तेथील सरदारवर्ग उदयास आला. पुढें सोळाव्या शतकांत ही सवलत सधन शेतकऱ्यांसही मिळूं लागली. ज्यानें एक स्वार व घोडा उभा केला, त्याला जमिनीच्या साऱ्यांत सूट मिळाली. शेवटीं राजा अकरावा चार्लस यानें १६८० नंतरच्या वर्षांत या पद्धतीस कायमचें रूप दिलें. एका शेताकडे एक स्वार लावून दिला. शेतकऱ्यानें घोडा, खोगीर व पोषाख द्यावा. स्वाराला झोंपडी, जमिनीचा तुकडा व कांहीं पगार द्यावा. त्याबद्दल राजानें त्याच्या जमिनीचा सारा घेऊं नये. आणि एवढ्यानें भागत नसेल तर दुसऱ्या एखाद्या शेताचा साराही त्याच्या मदतीस लावून द्यावा, असा तो करार होता. स्वार मेला तर नवा स्वार, घोडा मेला तर नवा घोडा शेतकऱ्यानेंच भरून द्यावयाचा. पाहिजे तर त्यानें स्वतः स्वार व्हावें. पण बहुधा तो दुसऱ्या कोणास ठेवी आणि आपण नांगरामागें राही. अशा शेतांच्या बळावर फिनलंडांत मुख्य तीन रिसाले उभे राहिले, आणि प्रत्येकांत ठरावाप्रमाणें सुमारें १००० स्वार असत.

परंतु या स्वारांचें नांव सर्व युरोपांत झालें तें या कायमच्या व्यवस्थेच्या पूर्वीं, तीस वर्षांच्या युद्धांत. हें युद्ध जर्मनींत १६१८ पासून १६४८ पर्यंत चाललें. १६२९ सालीं सम्राट दुसरा फर्डिनांड यानें हुकूम काढिला कीं, प्रॉटेस्टंट लोकांनीं १५५२ सालानंतर ताब्यांत घेतलेली मठांची व बिशपांची मालमत्ता परत करावी. त्यामुळें प्रॉटेस्टंट संस्थानिक भयभीत झाले. १६३० सालच्या उन्हाळ्यांत स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ समुद्र ओलांडून जर्मनींत उतरला, आणि त्याच्या सैन्यांत फिनी घोडेस्वार होते.

त्यांचे घोडे ठेंगणे पण काटक. हातांत तरवार व जवळ दोन पिस्तुलें. त्या काळचे पुष्कळ स्वार दुरूनच गोळी झाडून मागें वळत. हे तसें करीत नसत. ते भरधांव शत्रूच्या अंगावर जात, अगदीं जवळ गेल्यावर पिस्तूल झाडीत, आणि मग तरवारीनें तुटून पडत. "हाक्का पॅल्ले" अशी त्यांची आरोळी असे; तिचा अर्थ "हाणा, तुटून पडा" असा आहे. तिच्यावरून लोक त्यांना हाक्कापेलीत्ता म्हणूं लागले. १६३१ सालच्या सप्टेंबरांत ब्राइटेनफेल्ड येथें आणि १६३२ सालच्या नोव्हेंबरांत लुट्झेन येथें ते लढले. लुट्झेन येथें टोर्स्टेन स्टोलहान्डस्के हा त्यांचा नायक उजव्या बगलेवर होता. त्या लढाईंत जय स्वीडनच्या सैन्यास मिळाला, पण राजा गुस्ताव आडोल्फ रणांत पडला. स्टोलहान्डस्के १६४४ सालीं मरण पावला, आणि फिनलंडांतील तुर्कू शहराच्या मोठ्या देवळांत त्याला पुरण्यांत आलें.

हा झाला कीर्तीचा भाग. आतां दुसरी बाजू पाहूं.

गुस्ताव आडोल्फ हा भाविक राजा होता, याविषयीं शंका नाहीं. त्यानें १६२१ सालीं सैन्यासाठीं जे नियम केले, त्यांत रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना व्हावी, देवाच्या नांवाची निंदा होऊं नये, आणि लूट व स्त्रियांवर बळजबरी होऊं नये, असें स्पष्ट सांगितलें होतें. सैन्याबरोबर पाळक असत. लढाईच्या दिवशीं आपला कोण व परका कोण हें ओळखण्यासाठीं त्याच्या सैन्यांत "देव आम्हांबरोबर" हा परवलीचा शब्द असे. आणि समोरच्या सैन्यांत "येशू, मरीया" हा असे. म्हणजे दोहों बाजूंस नांव घ्यावयाचें तें त्याच एका तारणाऱ्याचें, आणि तें घेऊन एकमेकांचा वध करावयाचा.

पैशाकडे पाहावें तर आणखी आश्चर्य वाटतें. १६३१ सालच्या जानेवारींत बेअरवाल्ड येथें स्वीडननें फ्रान्सबरोबर करार केला, आणि फ्रान्सनें दर वर्षीं ४,००,००० थालर, म्हणजे त्या काळचीं मोठीं रुप्याचीं नाणीं, देण्याचें कबूल केलें. फ्रान्सचा मुख्य प्रधान रिशल्यू हा तर रोमन कॅथॉलिक मंडळीचा कार्डिनल होता. सम्राटाचें बळ वाढूं नये एवढाच त्याचा हेतु. फिनलंडच्या देवळांत जें युद्ध शुद्ध सुवार्तेचें रक्षण म्हणून सांगितलें जात होतें, त्याच्या खर्चाचा एक भाग एका कार्डिनलाच्या हातून येत होता.

आणि शिपायांचें वर्तन काय? १६३१ सालच्या मे महिन्यांत सम्राटाच्या सैन्यानें मॅग्डेबर्ग शहर लुटलें, शहर आगींत भस्म झालें, आणि सुमारें २०,००० माणसें प्राणांस मुकलीं. ही विरुद्ध पक्षाची क्रूरता म्हणून सांगणें आपणांस सोपें जातें. परंतु १६३२ सालीं स्वीडनचें सैन्य बव्हेरियांत शिरलें, तेव्हां तेथील खेड्यांचेही असेच हाल झाले. शिपायांस वेळेवर पगार मिळेना. म्हणून सैन्य मुलुखावरच पोट भरूं लागलें. दडविलेलें धान्य किंवा पैसा कोठें आहे हें सांगावें म्हणून शेतकऱ्यास उताणा पाडून त्याच्या तोंडांत घाण पाणी ओतीत. हा छळ अनेक सैन्यांचे शिपाई करीत, तरी जर्मन लोकांनीं त्यास नांव दिलें तें "स्वीडिश पेय" हेंच. या फिनी स्वारांपासून आम्हांस सोडीव, अशी प्रार्थना कॅथॉलिक देवळांत होत असे, असें सांगतात. ज्याचा छळ झाला तो शेतकरी, आणि ज्याच्या शेतावर स्वार पोसला गेला तोही शेतकरीच. दोघेही देवापाशीं गाऱ्हाणें नेत होते. एक म्हणत होता, आमच्या स्वाराला जय दे. दुसरा म्हणत होता, त्या स्वारापासून आम्हांस वांचीव.

घरीं राहिलेल्यांसही दुःख नव्हतें असें नाहीं. पायदळासाठीं गांवोगांवच्या पुरुषांचे गट करून प्रत्येक गटांतून एक शिपाई घेत, आणि त्यासाठीं गांवच्या पुरुषांच्या याद्या धर्मसेवक करून देत. स्वीडनच्या उत्तरेकडील बीग्डेओ नांवाच्या एका मंडळीच्या हद्दींतून १६२१ ते १६३९ या काळांत २३० तरुण पोलंड व जर्मनी येथील युद्धांस गेले. त्यांपैकीं २१५ तेथेंच मेले, आणि पांच जण लुळेपांगळे होऊन परत आले. राजाच्या आज्ञेनें नेमलेल्या प्रार्थनादिवशीं लोक देवळांत जमत, तेव्हां व्यासपीठावर उभा असलेला पाळक व यादी करणारा हात हे एकच असत. आम्हीही पाळकच आहों. म्हणून हें वाचून आम्हांस विशेष विचार पडतो. शिपाई पाठविण्यांत केवळ शेताचा वाटा नव्हता, व्यासपीठाचाही होता.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. त्या शेतकऱ्याच्या बाजूनें तीन गोष्टी सांगतां येतील, आणि तिन्ही न्यायानें ऐकल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट अशी कीं, राजाज्ञा होती. गरीब रयतेनें काय करावें? ज्या आईचा मुलगा यादींतून उचलून नेला, तिच्याकडे त्या मुलाच्या तरवारीचा दोष कोण लावील? आम्ही तर लावणार नाहीं. परंतु स्वार देणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट निराळी. ही चाकरी घेणाऱ्यास करांत सूट होती, आणि तिच्यासाठींच पुष्कळांनीं ती पत्करिली. पुढें तें ओझें किती जड होतें हें कळून आलें. १७०० ते १७२१ या उत्तरेच्या मोठ्या युद्धांत शेतांना पुन्हां पुन्हां नवे स्वार व नवे घोडे द्यावे लागले. १७१९ सालच्या जानेवारींत सेनापति आर्मफेल्ट याचें सैन्य नॉर्वेच्या डोंगरांतून परतत असतां बर्फाच्या वादळांत सुमारें ३००० शिपाई गोठून मेले. त्यांत फिनी लोक पुष्कळ होते. करार करतांना लाभ दिसतो, किंमत मागाहून दिसते. तरी लाभ घेऊन केलेल्या करारास निव्वळ बळजबरी म्हणतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, कार्य न्यायाचें होतें. गुस्ताव आडोल्फ आला नसता तर जर्मनींतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचें काय झालें असतें? या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे, हें आम्ही मान्य करितों. दुर्बलाच्या दारांत दरोडेखोर आला असतां मध्यें उभें राहणें हें पाप नव्हे. परंतु कार्य चांगलें म्हणून त्याच्या नांवानें केलेलें प्रत्येक कृत्य चांगलें होत नाहीं. मॅग्डेबर्गचा सूड बव्हेरियांतील खेडुताकडून घेतल्यानें सुवार्तेचें रक्षण होत नाहीं. आणि आपलें राज्य या जगाचें नाहीं, असें जो प्रभु पिलातापुढें बोलला, त्याचें नांव तरवारीच्या मुठीवर कोरतांना मनुष्यानें फार भ्यावें.

तिसरी गोष्ट अशी कीं, शेतकऱ्यास ठाऊक नव्हतें. जर्मनी दूर, पत्र वाचणारा नाहीं, स्वार परत आला तर तो शौर्याच्याच गोष्टी सांगणार. हेंही खरें. परंतु न कळणें एक आणि न विचारणें दुसरें. परत आलेल्या स्वाराच्या पिशवींत रुप्याचा प्याला किंवा कोणा परक्या घरांतलें वस्त्र निघालें, तर तें कोठून आलें असें विचारावयास विद्या लागत नाहीं.

या बाबतींत पवित्र शास्त्र काय शिकवितें? १ शमुवेल ३० व्या अध्यायांत आपण वाचतों कीं, दावीद अमालेकी लोकांचा पाठलाग करीत असतां त्याच्या ६०० माणसांपैकीं २०० जण थकून बसोर ओढ्यापाशीं राहिले व त्यांनीं सामान राखिलें. परत आल्यावर कांहीं अधम लोक म्हणूं लागले कीं, या मागें राहिलेल्यांस लुटींतून कांहीं देऊं नये. दावीदानें तें मानिलें नाहीं. लढणारा आणि सामान राखणारा यांचा वाटा सारखाच, असा त्यानें इस्राएलांत कायमचा नियम केला.

आपण हा उतारा सहसा आनंदानें वाचतों. कारण त्यांत दुर्बलांविषयीं दया आहे. पण त्याची दुसरी धारही आहे. सामान राखणाऱ्यास लाभाचा वाटा सारखा, तर दोषाचा वाटा त्याला मुळींच नाहीं, असें कसें म्हणतां येईल? ज्या दावीदानें हा नियम केला, त्यालाच पुढें त्याचा विसर पडला. त्यानें उरीयाला स्वतः मारिलें नाहीं; केवळ एक पत्र लिहिलें आणि आपण यरुशलेमांत राहिला. परंतु नाथान संदेष्ट्यानें त्याला तोंडावर सांगितलें कीं, अम्मोनी लोकांच्या तरवारीनें तूंच त्याला मारिलेंस. आणि शौल? स्तेफनावर त्यानें एकही धोंडा टाकिला नाहीं. धोंडे टाकणाऱ्यांचीं वस्त्रें राखिलीं एवढेंच. तरी प्रेषित झाल्यावर तो ती गोष्ट विसरला नाहीं. आपण जवळ उभे होतों व आपली त्यास संमति होती, असें त्यानें सर्वांपुढें सांगितलें. वस्त्रें राखणें हें हलकें काम होतें, पण त्याच्या विवेकानें त्या कामाचें वजन बरोबर केलें.

म्हणून आमचें मत असें आहे: पाठविणाऱ्याचा वाटा आहे, तो नाकारतां येत नाहीं. परंतु तो सर्वांचा सारखा नसतो. तो मोजण्यास तीन मापें आहेत. त्याला नाहीं म्हणण्याची कितपत मोकळीक होती? त्याला कितपत ठाऊक होतें, किंवा विचारलें असतें तर कितपत कळलें असतें? आणि त्या कृत्यापासून त्यानें कितपत लाभ घेतला? मोकळीक थोडी, ज्ञान थोडें व लाभ कांहीं नाहीं, तेथें दोषही थोडा. मोकळीक असून, कळत असून, लाभ घेऊन जो म्हणतो "करणारा तो," त्याचें बोलणें पिलाताच्या हात धुण्यासारखें आहे. त्या मेलेल्या फिनी शेतकऱ्यांचा न्याय करण्यास आम्ही बसलों नाहीं. त्यांचा न्यायाधीश दुसरा आहे. हीं मापें आपण स्वतःस लावावीं, एवढ्यासाठींच त्यांची कथा सांगितली.

भाऊबंदांच्या वादांत ज्यानें खोट्या साक्षीदाराच्या खर्चास पैसे दिले, त्यानें ती साक्ष दिली नाहीं काय? ज्यानें दारू वाहून नेण्यास आपली गाडी भाड्यानें दिली, तो "मीं तर पीत नाहीं" असें म्हणून सुटेल काय? आणि मंडळींत दोन तट पडले असतां जो स्वतः गोड बोलतो, पण कडू बोलणाऱ्यास मागून उत्तेजन देतो, त्याच्याविषयीं काय म्हणावें? असा मनुष्य आपला स्वार पाठवून स्वतः नांगरामागें उभा राहिला आहे. त्याचे हात मातीनें भरले आहेत, रक्तानें नाहीं. पण घोडा कोणाचा, हें देवाच्या दप्तरांत लिहिलेलें आहे.

या नियमाची चांगली बाजूही फिनलंडच्याच इतिहासांत सांपडते, आणि ती सांगून आम्ही पुरें करितों. १८०९ सालीं स्वीडनचा अंमल सुटून तो देश रशियाच्या सम्राटाकडे गेला, आणि ती जुनी स्वारव्यवस्था मोडली. १८५९ सालीं फिनी ख्रिस्ती लोकांनीं मिशनरी मंडळी स्थापिली, आणि १८७० सालीं तिचे पहिले मिशनरी आफ्रिकेच्या नैऋत्येस ओवांबो लोकांच्या देशांत पोहोंचले. त्या देशाचें आजचें नांव नामिबिया आहे. या वेळीं जाणाऱ्यांच्या हातीं तरवार नव्हती, शास्त्र होतें. परंतु कोणी तरी जावयाचें आणि कोणी तरी घरीं राहून त्याला पोसावयाचें, ही रीत तीच राहिली. पूर्वीं पाठविण्याच्या मोबदल्यांत जमिनीचा सारा सुटत असे. आतां दान देणाऱ्याचा एक पैसाही सुटत नव्हता. बसोर ओढ्याचा नियम मात्र तोच.

बंधुभगिनींनो, सुगीच्या दिवशीं आपण मूठभर जोंधळे देवापुढें आणितां, आणि त्यांतून एखादा उपदेशक पायीं पायीं गांवोगांव जातो. तो कोणा दुःखिताच्या उशाशीं बसून प्रार्थना करितो, तेव्हां तुमची ती मूठ तेथें असते. तुम्ही गेलां नाहीं, बोललां नाहीं, तरी वाटा सारखा. ज्या विधवेनें दिलें तिचाही. पण ज्या नियमानें हें सुख मिळतें, त्याच नियमानें दुसरा हिशेबही होतो. यास्तव देण्यापूर्वीं विचारावें: हें कोणाच्या हातीं जात आहे, आणि तो हात काय करणार आहे? आपण जें पाठवितों त्याच्यामागें आपलें नांव जातें. तें नांव प्रभूपुढें वाचलें जाईल तेव्हां आपणांस लाज न वाटो, अशी कृपा देवपिता आपणां सर्वांस देवो. आमेन.